नागपूर विभागातील भूमि-अभिलेख आणि संगणकजाल : दोषशोधाचा इतिहास

महसुली कारभाराच्या परिभाषेत प्रत्येक राजवटीने आपापली भर घातलेली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत गावचा हिशेब पांड्याच्या हाती असे. १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर 'मालगुजार', 'खसरा', 'जमाबंदी', 'मिसल बंदोबस्त' हे उत्तर हिंदुस्थानी वळणाचे शब्द इकडे रुळले. १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' हे शब्द दिले. आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर पश्चिम महाराष्ट्रातील 'सातबारा' वैनगंगेच्या काठापर्यंत पोचला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या शब्दसंग्रहात आणखी एका प्रयोगाची भर पडली : 'सर्व्हर डाउन आहे'. तहसील कचेरीच्या खिडकीशी उताऱ्यासाठी उभ्या असलेल्या कास्तकाराने हे शब्द इतक्या वेळा ऐकले, की त्यांचा अर्थ 'आज काम होणार नाही' एवढाच उरला.

वस्तुतः या तीन शब्दांखाली परस्परांहून अगदी भिन्न अशा तीन दोषांना एकत्र कोंबण्यात आले. पहिला दोष मार्गाचा : कचेरीतील यंत्र आणि दूरचा मुख्य संगणक यांना जोडणारी वाहिनी तुटणे. दुसरा मुख्य संगणकाचा : एकाच वेळी आलेल्या मागण्यांचा भार त्याला न पेलणे. तिसरा दोष खुद्द अभिलेखाचा : मार्ग मोकळा आहे, यंत्र जागे आहे, पण मागितलेली नोंदच अशी आहे की यंत्र ती स्वीकारू शकत नाही. पहिले दोन दोष अभियंत्याच्या कक्षेतील होत आणि त्यांचे आयुष्य तासा-दिवसांचे असते. तिसऱ्याचे आयुष्य दशकांचे असून त्याचे मूळ संगणकपूर्व काळात आहे. नागपूर विभागात हा तिसरा दोष विशेष चिवट ठरण्यासारखा होता, आणि त्याची कारणे यंत्रशास्त्रात न शोधता या प्रदेशाच्या महसुली इतिहासात शोधावी लागतात.

ज्या रचनेत हे दोष प्रकट झाले तिचे स्वरूप थोडक्यात असे. संगणकशास्त्रात जिला 'क्लायंट-सर्व्हर' रचना म्हणतात, तीत मागणारे यंत्र आणि पुरवणारे यंत्र निराळे असते. पटवाऱ्यासमोरील यंत्रात अभिलेख नसतो. तेथे केवळ तो मागण्याची, पाहण्याची आणि त्यात बदल सुचवण्याची सोय असते. अभिलेख असतो दूरच्या सर्व्हरमध्ये. जुन्या व्यवस्थेत दप्तर आणि दप्तरदार एकाच खोलीत असत. दप्तर हाती लागले नाही तर कारण शोधायला खोलीबाहेर जावे लागत नसे. नव्या व्यवस्थेत या दोहोंमध्ये शेकडो मैलांचे अंतर पडले आणि प्रत्येक अडचणीचे पहिले निदान 'ती या टोकाला आहे की त्या टोकाला' हे ठरवण्याचे झाले.

हा प्रश्न अगदीच नवा होता असे मात्र नाही. तारायंत्राच्या काळात तो तंतोतंत असाच उपस्थित झाला होता. तार कोठे तुटली किंवा भिजल्या खांबावरून तिचा प्रवाह कोठे जमिनीत झिरपतो, हे शोधण्यासाठी एका टोकाला बसून तारेचा विद्युत्-रोध मोजावा आणि त्यावरून दोषस्थळाचे अंतर काढावे, अशी पद्धती रूढ झाली. भारतीय तार खात्यातील लुई श्वेंडलर यांनी १८७० च्या दशकात अशा तपासणीची सविस्तर सूचनापुस्तिका रचली. संगणकजालाच्या युगात हेच काम 'पिंग' या छोट्या आज्ञावलीकडे आले. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकाने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला नाव दिले. पलीकडच्या यंत्राला साद घालावी आणि पडसाद किती वेळाने येतो ते मोजावे, एवढेच तिचे कार्य. पलीकडे कोणी जागे आहे किंवा नाही हे तीवरून कळते. जे जागे आहे ते खरे बोलते की खोटे, हे कळत नाही. प्रस्तुत विषयातील सर्व गुंतागुंत या मर्यादेतून सुरू होते.

नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा हे जिल्हे मालगुजारी पद्धतीचे, तर वऱ्हाड रयतवारी वळणाचे. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाल्यावर १८६० च्या दशकातील बंदोबस्तात गावाचा पाटील, जो मराठी अमदानीत वसुलीचा व्यवस्थापक होता, त्याला गावाचा मालक ठरवण्यात आले. त्यामुळे येथील अभिलेखाचा मूळ घटक महाल होता; वऱ्हाडात किंवा पुणे-सातारा भागात तो एकेका शेताचा धारक होता. मालगुजाराच्या वारसांचे हिस्से रुपयातील आण्यांच्या हिशेबाने मोजले जात. संपूर्ण गाव म्हणजे सोळा आणे. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी नष्ट झाली, मालगुजाराखालील कुळांचा संबंध थेट शासनाशी आला आणि १९५४-५५ च्या सुमारास या भागाचा नवा 'अधिकार अभिलेख' तयार करण्यात आला. पुढे १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६६ ची संहिता आणि तीखालील १९७१ चे अधिकार-अभिलेखविषयक नियम यांमुळे याच माहितीचे गाव नमुना सात, गाव नमुना बारा, आठ-अ अशा नमुन्यांत रूपांतर झाले. सोळा-सतरा वर्षांच्या अवधीत एकाच शेताची नोंद तीन निरनिराळ्या साच्यांतून गेली, आणि प्रत्येक वेळी ती हाताने उतरवली गेली, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या रूपांतरात सर्वांत निसरडी जागा क्षेत्रफळाची. मध्यप्रांतात जमीन एकर आणि डिसमिल यांत मोजत. डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग. मुंबई इलाख्यात एकर आणि गुंठे चालत. चाळीस गुंठ्यांचा एकर. दोन्हीकडे लिहिण्याची रीत दिसायला सारखीच. जुन्या खसऱ्यात '३.२५' असे लिहिले असेल तर नागपूरच्या रीतीने ते सव्वातीन एकर, म्हणजे सुमारे १.३२ हेक्टर. तोच आकडा गुंठ्यांचा समजून ज्याने रूपांतर केले, त्याच्या हातून तो १.४७ हेक्टर होईल. कागदावरचा आकडा एकच, पण जमिनीत पंधरा आरांचा फरक. असा फरक ज्याच्या वाट्याला कमी पडतो, त्याच्या दृष्टीने तो लेखनदोष नसतो.

ज्या ठिकाणी रूपांतर अगदी शुद्ध झाले तेथेही दुसरी अडचण होती. पाच एकरांचे शेत तीन भावांत १.६६, १.६७ आणि १.६७ एकर असे वाटले गेले आहे असे मानावे. पाच एकरांचे हेक्टर दोन दशांशस्थळांपर्यंत २.०२ होतात. तिघांच्या वाट्यांचे अनुक्रमे ०.६७, ०.६८ आणि ०.६८, बेरीज २.०३. कोणीही चूक केलेली नाही, तरी शेताहून वाट्यांची बेरीज एका आराने मोठी झाली. जाता जाता हेही नमूद करावयास हवे, की ज्या आणेवारीला कालबाह्य म्हणून रजा देण्यात आली तीत हा प्रश्नच उद्भवत नव्हता : सोळा आण्यांचे तीन समान भाग प्रत्येकी पाच आणे चार पै असे निःशेष पडतात. दशमान पद्धतीने व्यवहाराला सुबकता आणली, पण तीन भावांची सोय मात्र काढून घेतली.

पटवाऱ्याच्या हस्तलिखित दप्तरात अशी विसंगती सुखाने नांदू शकत होती. एक आराचा फरक पाहून पटवारी थांबत नसे. शेत कोणाचे, बांध कोठे, हे त्याला आणि गावाला ठाऊक असे आणि वहीतील आकडा हा त्या ज्ञानाचा केवळ स्मरणलेख होता. संगणकीय माहितीकोशाची प्रकृती निराळी. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानावर उभारलेल्या कोशात एकेका सारणीवर निर्बंध घालता येतात : प्रत्येक धारकाला खाते क्रमांक असलाच पाहिजे; वाट्यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी झालीच पाहिजे. दप्तर गप्प बसत असे. यंत्र हरकत घेते. ती हरकत समोर बसलेल्या कास्तकाराला ऐकू येते ती मात्र 'सर्व्हर चालत नाही' याच शब्दांत.

या यंत्राशी महाराष्ट्रातील भूमि-अभिलेखाची पहिली गाठ नागपूर विभागातच पडली, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. १८६२ पर्यंत हा जिल्हा नागपूरचाच भाग होता आणि त्याचे दप्तर मालगुजारी वंशातले. १९९७-९८ पासून तहसील पातळीवर यंत्रे बसवण्याचे धोरण आले. २००८ मध्ये राष्ट्रीय आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर झाला. प्रारंभीच्या या काळात तहसिलीतील यंत्र बहुशः एकाकी होते. त्याच्या चुका त्याच्यापुरत्या राहत, आणि ज्याच्याजवळ मूळ वही होती तो त्या वहीवरून उतारा देऊ शकत असे. दोन अभिलेख शेजारी शेजारी चालू होते, पण त्यांचा मेळ घालण्याची निकड अद्याप कोणाला नव्हती.

देवनागरीचा प्रश्न याच काळातला. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे संकेतमानक १९९१ मध्ये प्रमाणित झाले. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात निरनिराळ्या अक्षरसंचांचे निरनिराळे संकेत चालत राहिले, आणि युनिकोडकडे जाताना हे सर्व रूपांतरित करावे लागले. रूपांतरात एखादा रफार गळाला, एखादे जोडाक्षर फुटले, तर माणसाला नाव ओळखू येते, यंत्राला येत नाही. एकाच व्यक्तीचे नाव एका शेतावर 'रामाजी', दुसऱ्यावर 'रामा' आणि तिसऱ्यावर तुटक्या अक्षराने लिहिलेले असेल, तर तिची तीन खाती होतात आणि आठ-अ उताऱ्यावर तिची जमीन तीन ठिकाणी विभागते. पीककर्ज देणारी बँक त्यांतले एकच खाते पाहते.

संगणकजाल आले ते ई-फेरफार या प्रणालीबरोबर. जमिनीचे हस्तांतर झाले की गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद घ्यावी, संबंधितांना नोटीस द्यावी, चावडीवर प्रत लावावी आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी, हा क्रम संहितेच्या १५० व्या कलमातला. तो जसाच्या तसा यंत्रावर आला. येथे जुन्या प्रघाताचा आणि नव्या शास्त्राचा एक मनोरम मेळ दिसतो. फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबारावर तो पेन्सिलीने लिहावयाचा आणि प्रमाणित झाल्यावर शाईने पक्का करावयाचा, अशी पटवाऱ्यांची रीत होती. जिम ग्रे यांनी १९८१ मधील आपल्या प्रबंधात संगणकीय व्यवहाराची जी संकल्पना विशद केली तिचे सार हेच आहे : व्यवहार पूर्ण झाला तर सर्व बदल कायम व्हावेत, मध्येच खंडित झाला तर एकही उरू नये. वाहिनी अर्ध्यात तुटली तर शाईचा ठिपका मागे राहू नये, ही काळजी दोघांनाही होती. फरक इतकाच, की पेन्सिलीची नोंद चावडीवर आलेल्या कोणालाही दिसत असे. यंत्रातील अर्धवट व्यवहार फक्त यंत्रालाच दिसतो.

प्रत्यक्ष दोषशोधाची रीत अनुभवी कर्मचारी लवकर शिकले. ती शास्त्रग्रंथातील रीतीहून फारशी निराळी नव्हती. आपल्या यंत्रावर अडले तर शेजारच्या यंत्रावर चालते काय ते पाहावे. सबंध कचेरीत अडले तर दुसऱ्या तहसिलीला फोन लावावा. उमरेडला अडले आणि काटोलला चालले, तर दोष मार्गाचा. सर्वत्र अडले तर मुख्य संगणकाचा. आणि तो बहुधा हंगामाशी निगडित असे. खरिपापूर्वीच्या पीककर्जाला सातबारा व आठ-अ लागतो. २०१६ पासून पंतप्रधान पीकविमा योजनेच्या मुदतीची भर पडली. ज्या आठवड्यांत उताऱ्याची गरज सर्वाधिक, त्याच आठवड्यांत सर्व्हरवरील भार सर्वाधिक, हे साहजिकच होते. पण सर्व गावांचे उतारे निघतात आणि एकाच गट क्रमांकाचा निघत नाही, असे आढळले म्हणजे शोध यंत्राबाहेर न्यावा लागे. तेथे अभियंत्याचे काम संपते आणि दप्तरदाराचे सुरू होते.

या हस्तांतराच्या जागीच खरा धोका होता. विसंगतीचे अहवाल आता यंत्रच देऊ लागले. एकूण क्षेत्र आणि खातेदारांचे क्षेत्र यांचा मेळ न बसणे हा त्यांतील अगदी पहिला प्रकार. हे अहवाल शून्यावर आणावेत असा तगादा वरून येत असे. वरील उदाहरणातील तिघा भावांपैकी एकाचे ०.६८ चे ०.६७ केले, की बेरीज जुळते, अहवाल शून्य होतो आणि यंत्र समाधान पावते. कोणाचे कमी करावयाचे हे मात्र यंत्र सांगत नाही. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, हजार चौरस फुटांहून थोडी अधिक जागा. रामटेकच्या धानाच्या बांधीत तिला कोणी भांडणार नाही, पण नागपूर शहरालगतच्या मौजांत तेवढ्यावर घर उभे राहते. संहितेचे १५५ वे कलम लेखनप्रमाद आणि संबंधित पक्षांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करण्याचा अधिकार देते. अधिकाऱ्याला तपासणीत स्वतः आढळलेली चूक मात्र पक्षांना नोटीस देऊन, हरकतींचा निकाल लावल्यावाचून दुरुस्त करता येत नाही. शिवाय १५७ व्या कलमान्वये अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे यंत्राच्या सोयीसाठी जुळवलेला आकडा दुसऱ्या दिवसापासून कायद्याने खरा ठरू लागतो, आणि तो खोटा असल्याचे सिद्ध करण्याचा भार ज्याची जमीन घटली त्याच्यावर पडतो. तांत्रिक दोषनिवारण आणि हक्काचा निर्णय यांतील ही सीमा ज्या कर्मचाऱ्यांनी ओळखली, त्यांच्या गावांतील अहवाल मंदगतीने घटले असल्यास नवल नाही. आणि केवळ अहवालाच्या आकड्यावरून त्यांचे मूल्यमापन करणे न्याय्य म्हणता येणार नाही.

भूधारणेच्या रकान्यात हीच अडचण अधिक गंभीर रूपात दिसते. १९६६ च्या संहितेच्या २९ व्या कलमाने विदर्भातील निर्बंधरहित भूमिस्वामी भोगवटादार वर्ग एकमध्ये आणि भूमिधारी वर्ग दोनमध्ये घातले. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकता येत नाही. १९५४ च्या संहितेनुसार भूमिधाऱ्याला ठराविक रक्कम भरून भूमिस्वामी होता येत असे. ज्याने ती भरली पण ज्याची नोंद पुढच्या वहीत उतरली नाही, त्याचा नातू यंत्रात वर्ग दोनचा भोगवटादार ठरतो. वहीत रकाना कोरा सोडता येत होता. यंत्राला 'एक' किंवा 'दोन' लागते. कोरेपणातही एक प्रामाणिकपणा होता, आणि सक्तीच्या उत्तराने तो नाहीसा झाला.

२०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी-वाचन झाले : संगणकीकृत सातबारा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावा आणि हरकती नोंदवाव्यात. संगणकजालाच्या इतिहासात ही घटना लहान वाटेल, पण दोषशोधाच्या दृष्टीने ती सर्वांत शास्त्रशुद्ध होती. कारण अभिलेखाच्या खरेपणाची साक्ष ज्यांच्याजवळ होती त्यांच्याकडेच ती मागण्यात आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा मिळू लागले आणि घरबसल्या उतारा काढणे अनेकांना शक्य झाले. ज्या उताऱ्यांत विसंगती शिल्लक होती ते या स्वाक्षरीबाहेर राहिले.

अशा शिल्लक प्रकरणात पटवाऱ्याला अखेर अभिलेख-कक्षातील बस्ता सोडावा लागे. आधी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, तेथे उलगडा न झाल्यास त्याही मागची बंदोबस्ताची मिसल. त्या पानावरील '३.२५' हे सव्वातीन एकर, की तीन एकर पंचवीस गुंठे, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. म्हणून त्याच पानावरील शेजारच्या शेतांचे आकडे पाहावे लागतात. कोठे '२.७२' किंवा '४.५८' असा आकडा आढळला, की प्रश्न मिटतो; गुंठे चाळिसाच्या पुढे जाऊ शकत नाहीत, तेव्हा त्या पानावरचा हिशेब डिसमिलचाच असला पाहिजे.